सासऱ्यांची २६ रिळं आणि दहा हजार रुपये

विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: सासरे गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घरगुती सिनेमाच्या फिल्मची २६ छोटी रिळं सापडली, १९६८ ते १९८१ मधली. सोबत एक प्रोजेक्टर आहे, तो चालतो की नाही ठाऊक नाही. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत आणि त्यांना हे बघायचंय. दुकानात ती डिजिटल करून घ्यायची चौकशी केली, आकडा ऐकला आणि परत आल्या. दहा हजारांत काय होईल? भिंतीवर लावून मोबाइलने शूट केलं तर? ऑनलाइन मिळतो तो छोटा स्कॅनर घ्यावा का? आणि सगळं डिजिटल झालं की रिळं टाकून द्यायची का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही, टाकायची नाहीत. बाकीच्यांना जरा वेळ लागेल.

मी पुण्यात हे काम वीसेक वर्षं करतोय. आधी लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगमध्ये होतो. लोक माझ्याकडे येतात तेव्हा हिशेब असा मांडतात: २६ रिळं, गुणिले एका रिळाचा दर. तिथेच सगळं महाग होतं. सव्वीसच्या सव्वीस रिळांची किंमत घरच्यांच्या लेखी सारखी नसते. चार-पाच रिळांत बारसं, आजोबा, जुना वाडा, पाडलेलं घर असतं. उरलेल्यांत विमानतळ, बोट, कुठला तरी धबधबा आणि कॅमेरा बंद करायचा राहिल्यामुळे चित्रित झालेले स्वतःचेच पाय. त्यामुळे आधी निवड करायची आणि मग पैसे काढायचे.

एकूण माल किती आहे ते बघू. छोटं रीळ म्हणजे ५० फूट. सुपर ८ जातीची फिल्म असेल तर एका फुटात ७२ फ्रेम, म्हणजे ७२ चित्रं, आणि रिळात ३६०० फ्रेम. सेकंदाला १८ च्या वेगाने ३ मिनिटं २० सेकंद. तुमची २६ रिळं मिळून जेमतेम ८७ मिनिटं होतात. तेरा वर्षांचा संसार दीड तासात, कारण फिल्म महाग होती आणि प्रत्येक वेळी बटण दाबताना माणूस विचार करायचा.

पहिलं काम, रीळ कोणत्या जातीचं आहे ते ओळखा. ८ मिमी रुंदीच्या फिल्ममध्ये दोन जाती. जुनी साधी ८, जी कोडॅकने १९३२ मध्ये आणली, आणि सुपर ८, जी १९६५ मध्ये आली. फरक कडेच्या भोकांत आहे. साध्या ८ मध्ये भोकं मोठी, चौकोनी आणि दोन फ्रेमच्या मधल्या रेषेवर असतात. सुपर ८ मध्ये भोक बारीक असतं आणि फ्रेमच्या बरोबर मध्यासमोर येतं, म्हणून चित्राला जागा जास्त मिळते. भिंग नसेल तर रिळाच्या मधलं छिद्र बघा. साध्या ८ च्या रिळात पेन्सिल जवळजवळ नेमकी बसते, सुपर ८ च्या रिळात ती खुळखुळते. तरीही खात्री भोकांवरूनच करा, कारण लोकांनी फिल्म या रिळावरून त्या रिळावर गुंडाळून ठेवलेली असते. तुमच्या सालांत दोन्ही जाती असण्याची शक्यता आहे. एका जातीची फिल्म दुसरीच्या प्रोजेक्टरमध्ये घातली तर आतला फिल्म ओढणारा पंजा भोकांऐवजी फिल्ममध्येच रुततो आणि रीळभर जखमा करत जातो.

कडेला तपकिरी पट्टी दिसली तर ती चुंबकी ध्वनीची पट्टी. कोडॅकने आवाजाची सुपर ८ १९७३ मध्ये काढली, पण घरगुती रिळांत ती क्वचितच भेटते. भेटली तर ते रीळ घरी न लावता थेट लॅबमध्ये द्यायच्या रिळांत ठेवा.

आता नाक वापरा. डबा उघडल्याबरोबर चायनीजच्या गाडीवर येतो तसा व्हिनेगरचा वास आला तर फिल्मचा पाया, म्हणजे चित्राखालची प्लास्टिकची पट्टी, सडायला लागलाय. हा पाया अॅसिटेटचा असतो. उष्णता आणि दमट हवा मिळाली की त्यातून अॅसेटिक आम्ल सुटतं, आणि ते आम्लच पुढची सडण वाढवतं. शेजारच्या रिळांनाही त्याची बाधा होते. असं रीळ लगेच वेगळं काढा. हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत मात्र घालू नका, वाफ आतच कोंडते. ही प्रक्रिया उलटी फिरवता येत नाही, तेव्हा वासाचं रीळ रांगेत पहिलं, त्यात काही का असेना.

त्यानंतर मोजपट्टी घ्या. हे कुणी सांगत नाही म्हणून मी जरा खोलात जातो. जुनी फिल्म आकसते. सुपर ८ ची ७२ भोकं मोजा आणि तेवढ्या लांबीची फिल्म स्टीलच्या पट्टीवर सरळ ठेवा. ताणू नका, नुसती टेकवा. नवी असताना ही लांबी एक फूट, म्हणजे ३०४.८ मिमी होती. साध्या ८ ला त्याच लांबीत ८० भोकं येतात. आता तुमच्या पट्टीवर ३०३-३०४ मिमी आलं तर ठीक. ३०२ किंवा त्याखाली गेलं तर फिल्म एक टक्का आकसलीय, आणि दातेरी चाक असलेल्या कुठल्याही यंत्रात ती घालायची नाही. चाकाचे दात नव्या फिल्मच्या मापाचे असतात. आकसलेल्या फिल्मची भोकं त्या दातांवर बसत नाहीत, फाटतात. हे दोन मिनिटांचं मोजमाप मी स्वतः पहिली चार वर्षं केलं नव्हतं. एका काकांच्या मुंजीच्या रिळाची कडा मशीनमधून मक्याच्या कणसासारखी सोलून बाहेर आली, तेव्हापासून पट्टी टेबलावरून हललेली नाही.

कोकणातून आणि मुंबईतून येणाऱ्या रिळांत बुरशी हमखास असते. फिल्मवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. बुरशी फिल्मवरचा जिलेटिनचा थर खाते आणि खाल्लेला थर पाण्याने विरघळतो. म्हणून ओलं फडकं कधीच नाही. मास्क लावा, गच्चीत किंवा गॅलरीत बसा आणि मऊ, तंतू न सुटणाऱ्या सुती कापडाने हलक्या हाताने कोरडं पुसा. फारच चिकट असेल तर ९९ टक्क्यांचा आयसोप्रोपिल अल्कोहोल, तोही आधी सुरुवातीच्या कोऱ्या फिल्मवर चाचणी घेऊन. औषधाच्या दुकानातला ७० टक्क्यांचा चालत नाही, उरलेलं तीस टक्के पाणीच असतं. ध्वनीची पट्टी असेल तर फक्त कोरडं. आणि जवळपास उदबत्तीसुद्धा नको, अल्कोहोलची वाफ पेट घेते.

जाता जाता भीती काढून टाकतो. "जुनी फिल्म पेटते" हे तुम्ही ऐकलं असेल. ते ३५ मिमीच्या नायट्रेट फिल्मबद्दल खरं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ८ जानेवारी २००३ रोजी लागलेल्या आगीत नायट्रेट रिळंच जळाली. घरगुती ८ मिमी फिल्म नायट्रेटची नसते.

आता निवड. त्यासाठी प्रोजेक्टर लागत नाही. मोबाइलचा पडदा पूर्ण पांढरा करा, उजेड पूर्ण वाढवा, वर फिल्म धरा आणि घड्याळजी डोळ्याला लावतात तसल्या भिंगातून बघा. सुपर ८ ची एक फ्रेम ५.८ मिमी रुंद असते, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी. त्या दाण्यात पाचवारी की नऊवारी एवढं कळतं, चेहरा ओळखू येतोच असं नाही. पण सुरुवातीचे दोन-तीन फूट पाहिले की लग्न आहे की समुद्र ते समजतं. हातात सुती मोजे घाला, फिल्म फक्त कडांना धरा, आणि जेवढी उलगडली तेवढी लगेच गुंडाळा. जमिनीवर लोळू दिली तर धूळच भरते.

डबा, पाकीट, चिठ्ठी काहीही फेकू नका. पिवळ्या पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का म्हणजे जवळजवळ तारीखच. रसायनशाळेचे पैसे फिल्मच्या किमतीतच धरलेले असायचे अशी बरीच फिल्म तेव्हा विकली जाई. शूट झालं की पाकिटात घालून पोस्टाने पाठवायची, धुऊन परत यायची. शिवाय कोडॅकच्या फिल्मच्या कडेवर गोल, चौकोन, त्रिकोण अशा बारीक खुणा असतात, त्यांवरून फिल्म कोणत्या वर्षी बनली ते काढता येतं. त्या खुणा दर वीस वर्षांनी परत यायच्या. पण १९६१ की १९८१ हा घोळ झाला, तर माणसांच्या कपड्यांवरून सुटतोच.

तीन ढीग करा. पहिल्यात माणसं आणि घर, म्हणजे परत कधीच मिळणार नाही असं. दुसऱ्यात बरं-वाईट मिश्र. तिसऱ्यात धबधबे. कुठल्या रिळात गावाचा जुना बाजार, पूर, मोर्चा असं काही सार्वजनिक दिसलं तर ते पहिल्या ढिगात टाका. पानशेतच्या पुरानंतरचं (१२ जुलै १९६१) पुणं कुणाच्या घरगुती रिळात निघालं, तर ते फक्त त्या घरापुरतं राहत नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यातच आहे, मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन आहे. विचारायला पैसे पडत नाहीत.

पहिला ढीग लॅबला द्या. दहा हजारांतला मोठा वाटा इथे जाऊ दे. मात्र "डिजिटल करून देतो" हे शब्द ऐकून रीळ सोडू नका. बऱ्याच वर्षांपूर्वी मी स्वतः एका दुकानात माझ्या मामांची रिळं दिली होती. परत आली ती डीव्हीडी. त्यांनी पडद्यावर सिनेमा लावून समोर कॅमेरा ठेवला होता, चित्राच्या चारही कडा कापल्या गेल्या होत्या आणि उंच मामा सगळीकडे कपाळाशिवाय होते. डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ एवढंच, त्यात दाबून बारीक केलेलं. तेव्हा फोनवर हे विचारून घ्या: स्कॅनिंग एकेक फ्रेमचं होतं की प्रोजेक्टरवरून? दर फुटावर की रिळावर? फिल्म दातेरी चाकावर चालते की रबरी रोलरवर? आकसलेल्या रिळाला रोलरवालाच हवा. काम इथेच होतं की रिळं दुसऱ्या शहरात जातात? आणि रंग न सुधारलेली मूळ फाइल मिळेल का? शेवटच्यावर अडून बसा. कुणीतरी भडक केलेले रंग नंतर परत काढता येत नाहीत. ४केचा आग्रह करायची गरज नाही. सुपर ८ च्या दाण्यात तेवढा तपशीलच नसतो, १०८० ओळी पुरतात आणि २के मिळालं तर कडा कापायला थोडी जागा राहते. तीन ठिकाणी भाव विचारा. भावात इतका फरक असतो की मलाही दरवेळी आश्चर्य वाटतं.

दुसरा ढीग घरी, मोबाइलवर. होय, चालतं. पण भिंतीवर नाही.

आधी प्रोजेक्टर. प्लग लावण्यापूर्वी मागचा व्होल्टेजचा खटका बघा. परदेशातून आलेला असेल तर तो ११० वर असू शकतो, आणि मग आपल्या २३० वर लावल्याबरोबर धूर निघतो. फक्त ११० चालणारा असेल तर ट्रान्सफॉर्मर लागेल. मागचं झाकण उघडा. रबराचे पट्टे वितळून डांबर झालेले असतील, ते केरोसीनच्या बोळ्याने पुसून नवे टाका. शिलाई मशीनच्या किंवा टेपरेकॉर्डरच्या दुरुस्तीवाल्याकडे मापाचा पट्टा मिळून जातो. बल्ब बहुतेक १२ व्होल्ट १०० वॉटचा आरशासकटचा हॅलोजन असतो, ईएफपी या नावाने मागा, पण आधी जुन्यावरचा आकडा वाचा. फिल्म जिथून दिव्यासमोर सरकते ती फट, म्हणजे गेट, जुन्या टूथब्रशने साफ करा. तिथला एक वाळका कण प्रत्येक फ्रेमवर सरळ ओरखडा ओढत जातो, ३६०० वेळा. मग फिल्म न घालता दहा मिनिटं चालवा. पंखा फिरतोय ना, जळका वास नाही ना, बघा.

आणि चालू असताना मध्येच थांबवू नका. सुरुवातीच्या दिवसांत मी एका बारशाचं रीळ "हा चेहरा कुणाचा" म्हणून थांबवलं. पडद्यावर पाळण्याच्या मधोमध तपकिरी बुडबुडा आला आणि पोळीसारखा फुगला. तेवढ्यात फ्रेम गेली. ते कुटुंब सज्जन होतं म्हणून वाचलो.

पडदा म्हणजे ए४ आकाराचा मॅट, पांढरा, जाड कागद. चमकणारा फोटो पेपर नको, चादर तर नकोच, आणि डिस्टेंपरच्या भिंतीचे खडे चित्रात दिसतात. प्रोजेक्टर इतका जवळ आणा की चित्र वीसेक सेंटिमीटर रुंद होईल. चित्र लहान म्हणजे उजेड जास्त, आणि उजेड जास्त म्हणजे मोबाइलला आपला खरखरीतपणा घालायला वाव कमी. मोबाइल स्टँडवर, प्रोजेक्टरच्या लेन्सला अगदी खेटून. बाजूला ठेवलात तर चित्र पतंगासारखं तिरपं येतं. काच आणि आरसा असलेला छोटा डबा या कामासाठी मिळतो, तो घेऊ नका. काचेचा खरखरीतपणा चित्रावर बसतो आणि मधोमध उजेडाचा गोळा दिसतो.

मोबाइलचं सगळं "आपोआप" बंद करा. प्रो मोड किंवा तसलं अॅप लागेल. फोकस कुलूपबंद. पांढऱ्याचा समतोल हॅलोजनच्या उजेडाला, ३२०० केल्व्हिनच्या आसपास, कुलूपबंद. नाहीतर लाल शालू नेसलेली नवरी फ्रेमभर आली की मोबाइल घाबरून सगळ्या मांडवाला हिरवा रंग देतो. उजेडाचं प्रमाण सर्वांत पांढऱ्या गोष्टीवर ठरवा. माझी कसोटी अशी की आजोबांच्या धोतराच्या निऱ्या दिसल्या पाहिजेत. निऱ्या जाऊन धोतर नुसता पांढरा ठोकळा झालं, तर नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने त्या परत येत नाहीत. सावल्या अंधाऱ्या राहिल्या तर त्या नंतर उचलता येतात.

राहिली लुकलुक. मोबाइलने काढलेला सिनेमा धडधडतो, सगळेच त्याने वैतागतात आणि म्हणून "मोबाइलने होत नाही" असं म्हणतात. कारण सोपं आहे. बहुतेक घरगुती प्रोजेक्टरच्या शटरला, म्हणजे उजेडाच्या वाटेत फिरणाऱ्या झडपेला, तीन पाती असतात, म्हणजे प्रत्येक फ्रेम पडद्यावर तीनदा चमकते. सेकंदाला १८ फ्रेम म्हणजे ५४ चमका. मोबाइलचं शटर एक पन्नासांश सेकंद उघडं राहिलं, तर कधी त्यात एक चमक सापडते, कधी एकीहून थोडं जास्त. तो फरक म्हणजेच लुकलुक. आता प्रोजेक्टरचा वेग १६ पूर्णांक दोन तृतीयांशावर आणला, तर चमका बरोबर ५०. शटर एक पन्नासांशवर ठेवलं की दरवेळी नेमकी एक चमक. आकडेमोड करत बसायचं नाही, बऱ्याच प्रोजेक्टरला वेगाची गोल कळ असते. रीळ चालू करा, डोळे पडद्यावर नाही तर मोबाइलवर ठेवा आणि कळ सावकाश फिरवा, रेडिओवर स्टेशन लावतात तशी. धडधड मंद होत होत लाट बनते आणि एका ठिकाणी विरते. तिथे थांबा. यंत्र तापलं की वेग जरा सरकतो, म्हणून प्रत्येक रिळाला ही कळ पुन्हा. मोबाइलमध्ये २५ फ्रेमचा पर्याय असेल तर तोच घ्या.

यात सुपर ८ थोडी हळू रेकॉर्ड होते. नंतर संगणकावर वेग १०८ टक्के करा, माणसं पुन्हा माणसांसारखी चालतात. साधी ८ मुळात १६ ची असल्याने तिला हात लावायची गरज नाही.

सासूबाईंना या खोलीत बसवा. फिल्म मुकी आहे, त्या नाहीत. मोबाइल चित्र घेत असताना दुसरा फोन त्यांच्यापाशी ठेवून फक्त आवाज घ्या. "ही सुमनमावशी, हा बंब, ही गाडी आपली नव्हती, डॉक्टरांची होती," असं त्या आपोआप बोलतील. प्रोजेक्टरच्या टकटकीतही ऐकू येतं. लॅबमधून आलेली चार-पाच रिळंही नंतर टीव्हीवर दाखवून तसंच करा. हजारो रुपयांचं स्कॅनिंग करून घेतलेली आणि त्यातला एकही माणूस ओळखता न येणारी रिळं माझ्याकडे दर महिन्याला येतात.

आता तो छोटा स्कॅनर. वोल्व्हरिन, कोडॅक रील्स वगैरे नावांनी मिळतात, आत बहुतांशी एकाच घराण्याचं यंत्र असतं. परदेशात साधारण ३०० ते ४०० डॉलर. म्हणजे तुमच्या दहा हजारांच्या बाहेर. तो एकेक फ्रेम थांबवून फोटो काढतो, सेकंदाला दोनच्या आसपास, म्हणजे ५० फुटांना अर्धा तास, २६ रिळांना तेरा तास. लुकलुक नाही, बल्बची उष्णता नाही, हे मोठे फायदे. तोटा असा की फाइल फार दाबून बनवतो, कडांना कृत्रिम धार लावतो, आणि धोतराच्या निऱ्या खातो. उजेडाची (एक्स्पोजरची) खूण शून्याच्या थोडी खालीच ठेवा. त्याची फाइल ज्या वेगाने बनते तो तुमच्या फिल्मचा वेग नसतो, म्हणून चालताना लोक घाईत दिसतात. संगणकावर १६ किंवा १८ वर आणावा लागतो. अर्ध्या रिळात अडकला तर तिथेच उभं राहावं लागतं, "लावून झोपलो" हे इथे चालत नाही. माझं मत: एका घरासाठी घेऊ नका. चार चुलत भावंडांकडे मिळून शंभर रिळं असतील तर वर्गणी काढा, काम संपलं की विकून टाका.

हात चालणारा भाचा घरात असेल तर आणखी एक रस्ता आहे. बंद पडलेल्या प्रोजेक्टरचा बल्ब काढून तिथे दुधी अॅक्रिलिकमागे एलईडी, शटरची पाती काढलेली, मोटरच्या जागी हळू फिरणारी मोटर, आणि समोर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा एचक्यू कॅमेरा किंवा मॅक्रो लेन्सवाला साधा कॅमेरा. प्रत्येक फ्रेमला एक बारीक स्विच दाबला जातो आणि फोटो निघतो. किनोग्राफसारखे खुले आराखडे नेटवर आहेत. निकाल लॅबच्या जवळ जातो, मी स्वतः असंच सुरू केलं. पण भाच्याला बारा-पंधरा रविवार लागतील, आणि डीएसएलआर वापरत असेल तर त्याला एक हिशेब आधी दाखवा: २६ रिळं म्हणजे ९३,६०० फोटो. यांत्रिक शटरचं आयुष्य साधारण एक ते दोन लाखांचं असतं. कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर असेल तरच हे करा. फोटोंना दोन-दोन एमबी धरले तरी १८७ जीबी जागा लागते.

संगणकावरची कामं थोडी ठेवा. डाविंची रिझॉल्व्ह हे व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि पुरतं. चित्र ४:३ आहे, टीव्ही भरावा म्हणून ताणू नका, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू देत. आरशातल्यासारखं उलटं आलंय का ते दुकानाच्या पाटीवरून किंवा गाडीच्या नंबरवरून बघा. फिल्म उलटी लागल्याने अख्खं कुटुंब डावखुरं झालेलं मी पाहिलंय. कोडॅकच्या कोडॅक्रोम या रंगीत फिल्मचे रंग अंधारात ठेवलेले असतील तर थक्क करतील इतके टिकतात. इतर काही फिल्म गुलाबी-लाल होतात. तिथे लाल थोडा खाली, हिरवा आणि निळा वर, आणि बास. एआयने चेहरे धारदार करणाऱ्या सोयी आहेत, त्या वापरायच्याच असतील तर प्रतीवर वापरा. त्या नवा चेहरा रंगवून देतात आणि तो सासऱ्यांचा असेलच असं नाही.

फाइल्स दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या घरी, शिवाय एक प्रत क्लाउडवर. नावं "रीळ १७, १९७४, महाबळेश्वर, सुमनमावशी" अशी. पेनड्राइव्ह वाटायला ठीक, जपायला नाही. मूळ रिळं माळ्यावर ठेवू नका, पत्र्याखाली तर मुळीच नको. घरातल्या सर्वांत थंड आणि कोरड्या खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्याच्या वर, आडवी, ढिली गुंडाळलेली. गंजलेला डबा बदला. पुढच्या दहा वर्षांत स्कॅनर सुधारतील, तेव्हा पुन्हा स्कॅन करायला हीच लागणार.

घरी सुरुवात कोणत्या रिळाने करायची, हेही ताईंनी शेवटी विचारलंय. तिसऱ्या ढिगातल्या. धबधबा लावा. पट्टा तुटू दे, वेग चुको, लुकलुक येऊ दे, एखादी फ्रेम जळू दे. तीन-चार धबधबे नीट उतरले की मग दुसऱ्या ढिगाला हात घाला, आणि तोवर मोजे काढू नका.